सुतारकाकांचा आकडा

माझं वजन हा आमच्या गोतावळ्यात कधीच खासगी विषय नव्हता. सांगलीला कुठल्याही लग्नात भेटलेली मावशी दुसऱ्या वाक्यात त्यावर येते आणि तिसऱ्या वाक्याला माझ्या पानात आणखी एक जिलबी पडते. डॉक्टर विचारतात ते ओरडायला. शिंपीणबाई विचारत नाहीत, टेप लावतात आणि उसासा सोडतात. मिनेसोटात राहायला आल्यावर हे सगळं बंद झालं, कारण इथे कुणाचं वजन विचारणं असभ्य समजतात; लोक शिष्टपणे नजर वळवतात, आणि ते मला मावशीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागतं. या सगळ्यांत एकच माणूस असा भेटला, ज्याने वजन विचारलं ते त्याला कामासाठी हवं होतं म्हणून.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. स्वतःचं नाव छापलेलं त्यांना खपायचं नाही. पूर्वज नॉर्वेहून आलेले, आयुष्य सुतारकामात गेलेलं. लोकांच्या घरांतले जिने आणि स्वयंपाकघरातली कपाटं करून हातांची बोटं जाड झालेली. आमच्या घरात ते सुतारकाका आणि त्यांच्या पत्नी सुतारकाकू. याचा अर्थ त्यांना सांगितला तेव्हा काका म्हणाले, "वाईट नाही." मिनेसोटातल्या जुन्या माणसाकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

ऋणानुबंधाची पहिली गाठ मात्र माझी नव्हे, माझ्या नवऱ्याची. मिनेटोंका हे मिनियापोलिसच्या पश्चिमेला पसरलेलं, आडवेतिडवे फाटे फुटलेलं मोठं तळं. थंडीत ते गोठतं, आणि बर्फ सरकायला लागला की पाण्यातला धक्का मोडून टाकतो. म्हणून काठावरची मंडळी थंडीआधी धक्का सुटा करून बाहेर काढतात आणि वसंतात पुन्हा बसवतात. आमचं घर रस्त्याच्या अलीकडे, त्यांचं पलीकडे पाण्याला लागून. एका ऑक्टोबरात काका आणि काकू दोघंच ते जड भाग ओढताना नवऱ्याने खिडकीतून पाहिलं. तो कोल्हापूरकडचा, लहानपणी तालमीत गेलेला, आणि तालीम सुटली तरी अंग न सुटलेला. विजार दुमडून थेट पाण्यात उतरला. काकांनी आभार मानले नाहीत, फक्त कुठे धरायचं ते सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी दारात हनीक्रिस्प सफरचंदांची पेटी. (हे वाण मिनेसोटा विद्यापीठाने काढलं. इथल्या माणसाला त्याचा अभिमान आपल्याकडच्या देवगडवाल्याला हापूसचा असतो तेवढा.)

पुढच्या उन्हाळ्यात बोटीवर यायचं आमंत्रण आलं. समुद्र इथून दोन्ही बाजूंना फार लांब. म्हणून इथले लोक लाट बोटीनेच तयार करतात आणि तिच्यावर उभे राहतात. त्याला वेकसर्फिंग म्हणतात. बोटीच्या मागच्या भागात पाण्याने भरलेल्या मोठमोठ्या पिशव्या असतात. त्या वजनाने बोटीचं बूड खोल बसतं, एका बाजूला थोडं जास्त, आणि त्या बाजूला मागे गुळगुळीत, उभी लाट उठते. वेग अगदी कमी, ताशी दहा-अकरा मैल, म्हणजे सांगलीच्या मारुती रोडवर सायकलवाला जाईल तेवढा. सुरुवातीला हातात आखूड दोर असतो. लाटेने तुम्हाला ढकलायला सुरुवात केली की दोर बोटीत फेकून द्यायचा. मग बोट पुढे, तुम्ही मागे, आणि मध्ये ओढणारं काहीच नाही. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काकू चालवत होत्या आणि काका साठी ओलांडलेल्या गुडघ्यांनी लाटेवर उभे होते, एक हात खिशात घातल्यासारखा मांडीवर. मी नवऱ्याला म्हटलं, मला हे करायचंय. तो म्हणाला, "मी इथे बसतो." आणि तो बसला तेव्हा काकूंनी मागे वळून लाट पाहिली आणि म्हणाल्या, "याला इथून हलू देऊ नका." शंभर किलोच्या आसपासचं माणूस योग्य कोपऱ्यात बसलं की लाट चांगली सावरते. तेव्हापासून नवरा त्या बोटीचं जिवंत बॅलास्ट आहे. लाटेवर तो आजतागायत उभा राहिलेला नाही.

काकांनी मला गॅरेजमध्ये नेलं. भिंतीला त्यांनी स्वतः केलेली लाकडी घडवंची, तिच्या खाचांत बोर्ड उंचीप्रमाणे उभे. प्रत्येकाच्या पोटाला, शेपटीच्या बाजूला, रंगारी वापरतात ती निळी चिकटपट्टी, आणि तिच्यावर सुताराच्या चपट्या पेन्सिलीने दोन आकडे: कमीत कमी किती पौंडांचा माणूस आणि जास्तीत जास्त किती. खाली रेघा. एक रेघ म्हणजे अजून दोर न सुटलेला. दोन म्हणजे दोर सुटलेला. तीन रेघांचे दोनच बोर्ड होते, कडेला, इतरांपेक्षा पातळ.

"किती पौंड?" त्यांनी विचारलं.

काकू दारातून ओरडल्या, "बायकांना असं विचारतात का?"

"मग कसं विचारतात? फळीला कळतंच की."

मी म्हटलं, एकशे ऐंशी. त्यांनी मान हलवली, जणू मी घराचा नंबर सांगितला. मग नवऱ्याला म्हणाले, हिच्या मागे उभा राहा आणि न सांगता हळूच ढकल. बायकोला ढकलायची अशी अधिकृत परवानगी त्याला पुन्हा मिळाली नसेल. मी सावरले तेव्हा माझा उजवा पाय पुढे पडला होता. "उजवा," काका म्हणाले, "म्हणजे लाट उजव्या बाजूला काढायची," आणि काकू पिशव्यांतलं पाणी इकडचं तिकडे करायला निघून गेल्या. ज्यांचा डावा पाय पुढे पडतो त्यांच्यासाठी लाट बोटीच्या डाव्या बाजूला. माणूस पाहून बोट कलती करायची, हे मला त्या दिवशी फार नवलाचं वाटलं.

माझ्या आकड्याचे दोन बोर्ड घडवंचीत होते. काकांनी दोन्ही सोडून त्यापुढचा काढला: ५ फूट ६ इंच लांब, रुंद नाकाचा, जाड कडांचा, खाली माशाच्या परासारख्या तीन फिन. रंग मळक्या पिवळ्या भोपळ्यासारखा. शेजारी एक काळा, चकचकीत, कार्बनचा आखूड बोर्ड होता आणि माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली. ते म्हणाले, "कंपनीच्या तक्त्यात वजन असतं. त्यात तुझी लाट नसते." हे वाक्य मला समजायला काही दिवस गेले. दुकानात बोर्डाबरोबर तक्ता मिळतो, अमुक पौंडांपर्यंत अमुक लांबी. पण तो तक्ता त्या कंपनीच्या त्याच बोर्डापुरता. दुसऱ्या कंपनीचा तेवढ्याच लांबीचा बोर्ड रुंदीला आणि जाडीला वेगळा असतो, म्हणजे पाण्यावर वेगळं वजन पेलतो. आणि नव्या महागड्या बोटीमागे जी उंच, लांब लाट उठते ती जड माणसालाही आखूड बोर्डावर रेटत नेते. काकांची बोट जुनी, लाट बेताची. बेताच्या लाटेवर शिकाऊ माणसाला पाण्यावर टेकायला जास्त पृष्ठभाग लागतो. बोर्ड लहान पडला की तो पाण्यात रुततो, लाट पुढे जाते आणि माणूस मागे राहतो. आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. अशी कितीतरी माणसं हा खेळ सोडून जातात, काका म्हणायचे, आणि दोष असतो सहा इंचांचा.

उलटंही होतं. फार मोठ्या बोर्डावर हलक्या माणसाचं काही चालत नाही. वळवायला गेलं तर वळत नाही, नाक पाण्यात खुपसतं. त्यांच्या नातीला एकदा दुकानदाराने "वाढत्या अंगाचा" बोर्ड दिला होता, आपल्याकडे मुलांना शाळेचा गणवेश घेतात तसा. काकांनी तो दुसऱ्याच दिवशी परत केला. वाढेल तेव्हा वाढेल, ते म्हणाले, आज ती एवढीच आहे.

पहिल्यांदा उठणं हे बोर्डापेक्षा स्वभावावर असतं. पाण्यात उताणं पडायचं, टाचा बोर्डाच्या कडेला टेकवायच्या, गुडघे छातीशी. बोट निघाली की टाचांनी दाबायचं, बोर्ड पाण्यातून उभा राहतो आणि पायांना चिकटतो. मग काहीच करायचं नाही. उभं राहण्याची घाई केली की तोंडावर. दोर ओढला की तोंडावर. बोट उचलेल तेवढंच उचलू द्यायचं, गुडघे वाकलेले ठेवायचे. आमच्या मराठी मंडळींपैकी जे जिममध्ये जातात त्यांना हे सगळ्यात उशिरा जमतं, कारण त्यांना वाटतं आपण बोट ओढतोय. त्या मळक्या पिवळ्या बोर्डाने मला वर घेतलं त्यात माझं कर्तृत्व फारसं नाही; त्याच्यावर कुणीही उठलं असतं, आणि म्हणूनच तो मला दिलेला होता. पुढच्या पायावर भार दिला की वेग वाढतो, मागच्या पायावर दिला की कमी होतो. एवढं पायाला कळेपर्यंत दोर धरून ठेवायचा. माझ्या पायाला ते कळायला एक अख्खा उन्हाळा लागला. काकूंनी त्या सगळ्या उन्हाळ्यात वेगाचा काटा अर्धा मैलही हलू दिला नाही.

काकूंचं ऋण वेगळं लिहायला हवं. लोक बोर्डाबद्दल बोलतात, चालवणाऱ्याबद्दल कुणी बोलत नाही. मी पडले की त्या गर्रकन वळत नसत. वेग कमी करून, लांबून, सावकाश येत, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या लाटा मला थपडा मारणार नाहीत. जवळ आल्या की इंजिन बंद. इंजिन चालू असताना बोटीच्या मागच्या फळीला हात लावायचा नाही, हा त्यांचा एकमेव कडक नियम होता. धुरातला कार्बन मोनॉक्साइड नेमका तिथेच पाण्यालगत साठतो आणि वास येत नाही. फळीला लोंबकळत ओढून घेण्याच्या खेळात माणसं मेली आहेत. त्या हे सांगताना आवाज चढवत नसत, पण पुढे एकदा माझ्या भाच्याने हात लावला तेव्हा त्यांनी बोट सरळ धक्क्याला लावली आणि त्या दिवसापुरता खेळ संपला.

असंच एकदा आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने बोट भाड्याने घेतली, मागे इंजिन लटकवलेली, आणि काकांना म्हणाले, तुमचे बोर्ड द्या, आम्हीही करतो. काकांनी साफ नकार दिला. एवढा गोड बोलणारा माणूस, पण दोन शब्दांत विषय मिटवला. वेकसर्फिंगला माणूस बोटीच्या अगदी जवळ असतो. पंखा बोटीच्या पोटाखाली, पुढे असला पाहिजे. मागे उघडा फिरणारा पंखा आणि त्याच्यामागे दहा फुटांवर माणूस, हे त्यांना बघवायचं नाही. ते कुटुंब रागावलं. मला आत कुठेतरी बरं वाटलं.

माझ्या पहिल्या उन्हाळ्यानंतरच्या हिवाळ्यात, गॅरेजमध्ये हीटर लावून ते बोर्डाची फुटलेली कड भरत बसले होते. आतला फेस पांढरा दिसत होता. इपॉक्सीचा थेंब खाचेत सोडायचा, वर काचधाग्याचा तुकडा, पुन्हा इपॉक्सी, आणि वाळेपर्यंत दुसरं काम. हलके महाग बोर्ड असे हाताने घडवलेले असतात आणि धक्क्याला आपटले की लगेच फुटतात; साच्यात दाबून केलेले जड असतात पण मार खातात. मला दिलेला पिवळा दुसऱ्या जातीचा होता, हे मला तेव्हा कळलं. शिकाऊ माणूस बोर्ड आपटणारच. फोडला म्हणून त्याला अपराधी वाटू नये, हाही हिशेब त्या निवडीत होता.

तेव्हा मी त्यांना कृष्णेची गोष्ट सांगितली. सांगलीला आमच्या लहानपणी पोहायला शिकायचं म्हणजे घाटावर जायचं, पाठीला वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून. मुली फारशा नसायच्या. बाबांचा हट्ट होता म्हणून मी होते. शिकवणारे दादा प्रत्येक पोराला काखेत हात घालून उचलून बघत आणि मग ढिगातला भोपळा निवडत. जाड पोराला मोठा, काडीला छोटा. जसजसं हातपाय चालायला लागत तसतसा भोपळा लहान होत जायचा, न सांगता. माझा शेवटचा भोपळा नारळाएवढा होता, त्याने माझं तोंडसुद्धा वर राहिलं नसतं. तो काढल्यावर काही मुलं रडली होती. मी आयर्विन पुलाच्या खांबाकडे तोंड करून पोहत सुटले होते, बाबा काठावरून हाका मारत होते.

काकांनी हातातलं काम थांबवून ऐकलं. मग त्यांनी विचारलं, भोपळा केवढा, दोर कसला, गाठ कुठे. "आणि त्याला भोक पडलं तर?"

"दुसरा भोपळा."

ते खूप हसले. काकूंना बोलावून पुन्हा सांगायला लावलं. त्यानंतर ते मला बोर्ड देताना काहीच बोलेनासे झाले. मला वाटतं, त्यांच्या लेखी मी आता माणूस बघून आधार द्यायचं तत्त्व जाणणारी होते. पुढच्या जूनमध्ये पिवळा बोर्ड खाचेत नव्हता. त्याच्या जागी ५ फूट २ इंचांचा ठेवलेला, माझ्याच आकड्याची पट्टी, दोन रेघा. विचारायची सोय नव्हती. त्याच्यावर दोर सोडला तेव्हा बोर्ड पायाखाली जिवंत झाल्यासारखा हलला आणि मी पडले नाही. बोटीतून नवऱ्याने टाळ्या वाजवल्या आणि जागेवरून उठला, लाट बसली, मग मी पडले. यावरून आमच्याकडे अजून वाद होतो.

पुण्याचा भाचा आला तेव्हा मला या विद्येची दुसरी बाजू दिसली. अठ्ठावन्न किलोचा, स्केटबोर्ड घेऊन हिंडणारा, आणि आल्या आल्या तीन रेघांच्या पातळ बोर्डाकडे गेला. तो स्किम जातीचा. त्याला फिन नावापुरत्या, म्हणून तो पाण्यावर चपटा घसरतो आणि जागच्या जागी गिरक्या घेता येतात. उलट माझ्या जातीच्या बोर्डाच्या मोठ्या फिन लाटेत धरून ठेवतात, त्यामुळे सरळ जातो, जोर मिळतो, पण गिरकीला अडतो. भाच्याला पातळच हवा होता. काकांनी वजन विचारलं, ढकलून पाय पाहिला, मग त्याला अंगणात स्केटबोर्डवर एक फेरी मारायला लावली आणि गुडघ्यांकडे बघत राहिले. दुपारपर्यंत त्याला मधल्या जातीच्या ४ फूट ८ इंची बोर्डावर उभं केलं. संध्याकाळी पातळ दिला. त्याला वाटलं आपण हट्टाने मिळवला. वजन, लाट आणि कसब या तिन्हींत कसबाचा अंदाज सगळ्यात अवघड, कारण त्याबद्दल माणूस खरं सांगत नाही. वजनाबद्दल निदान पाच-दहा पौंडांतच खोटं बोलतो.

काका आम्हाला एकदा मुद्दाम लेक सिटीला घेऊन गेले. मिसिसिपी नदी रुंद होऊन जे पेपिन तळं होतं, त्याच्या काठचं हे गाव. १९२२ सालच्या जुलैत राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने इथे पाण्यावर स्कीइंग केलं, जगात पहिल्यांदा. आधी त्याने पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या, बुडाला. मग बर्फावरच्या स्की, बुडाला. शेवटी ८ फूट लांब आणि ९ इंच रुंद फळ्या घेतल्या, त्यांची टोकं आईच्या कपडे उकळायच्या भांड्यात उकळून मऊ केली आणि वर वाकवून बांधून ठेवली. बोट भाऊ चालवत होता. त्या फळ्यांवरही तो बुडत राहिला, मग टोकं पाण्याबाहेर ठेवून मागे रेलला, तेव्हा उठला. २ जुलै, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. काकांना या सगळ्यात कौतुक त्या उकळण्याचं. लाकूड किती वेळ उकळलं असेल, मोडलं कसं नाही, यावर ते मला गाडीत तासभर सांगत होते. मला मात्र दिसलं ते हे की या खेळातली सगळ्यात पहिली अडचण माझीच होती: आपल्या अंगाला पुरेल एवढी फळी मिळेपर्यंत माणूस बुडतो.

सॅम्युएलसनने पेटंट घेतलं नाही. ते १९२५ मध्ये फ्रेड वॉलरने घेतलं, तोच पुढे रुंद पडद्याचा सिनेरामा काढणारा. सॅम्युएलसन टर्की कोंबड्या पाळू लागला, आणि वॉटर स्कीइंगच्या अमेरिकेतल्या संघटनेने त्याला आद्य म्हणून मान्यता दिली ती १९६६ मध्ये. काकांना याचा राग होता, जणू त्यांच्याच घरातली गोष्ट. मी त्यांना म्हटलं, उशिरा का होईना, दिली. "त्याच्या आईला कुणी दिली?" ते म्हणाले. "भांडं तिचं होतं."

या खेळाची दुसरी, न आवडणारी बाजूही मला त्यांच्यामुळेच कळली. वेकसर्फच्या बोटींच्या लाटा काठ खातात, तळ ढवळतात, आणि मिनेटोंकाच्या काठी राहणाऱ्या लोकांत यावरून भांडणं आहेत. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२२ मध्ये मोजमाप करून सांगितलं की अशा बोटींनी काठापासून ५०० फुटांपेक्षा लांब राहावं, तेवढ्या अंतरात लाट साध्या बोटीच्या लाटेएवढी उतरते. काकांनी तो अहवाल छापून गॅरेजच्या दाराला लावला. काकूंनी त्या दिवसापासून तळ्याचा रुंद भाग सोडून दुसरीकडे कुठे लाट काढली नाही, त्यासाठी रोज इंधन जास्त जळालं आणि आमच्या फेऱ्या कमी झाल्या. काही मित्रांना हे अति वाटलं. मला नाही वाटलं. त्यांच्याच अंगणातल्या विलोची मुळं उघडी पडलेली मी पाहिली होती. पाण्याच्या पिशव्या रिकाम्या करण्याबद्दलही ते तसेच काटेकोर होते. मिनेटोंकात २०१० मध्ये झेब्रा शिंपले सापडले, आणि एका तळ्यातलं पाणी पिशवीत भरून दुसऱ्या तळ्यात नेणं म्हणजे ते पसरवणं.

मग काकांचा गुडघा गेला, आणि काकूंना रात्रीचं दिसेनासं झालं. घर विकून ते एका खोलीच्या, लिफ्ट असलेल्या घरात गेले. बोट मुलीने नेली, ती याच तळ्यावर असते. बोर्डांचं काय करायचं हा प्रश्न होता. मुलगी म्हणाली विकून टाकू. काका म्हणाले, वाटू. शेजारपाजारचे, नातवंडांचे मित्र, आमच्याकडचे दोघं-तिघं, एकेकाला बोलावून त्याच्यापुढे एकेक बोर्ड ठेवला. कुणालाही आवडीचा दिला नाही. काळा कार्बनचा एका काटकुळ्या शाळकरी मुलीला गेला आणि तिच्या वडिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला माझा ५ फूट २ मिळेल असं धरून चालले होते. तो मिळालाच, पण त्याच्यासोबत तो मळका पिवळाही. "हा तुझा नाही," ते म्हणाले. "हा तुझ्याकडे येणाऱ्यांचा." वर निळ्या चिकटपट्टीचं रीळ आणि चपटी पेन्सिल.

त्यामुळे आता उन्हाळ्यात मराठी मंडळी तळ्यावर जमली की आमच्या गॅरेजमध्ये काकांची जागा माझी असते. मी विचारते, किती पौंड, आणि समोरचा माणूस आधी बायकोकडे बघतो. काकांना दर रविवारी फोन होतो. त्यांना प्रत्येकाची माहिती हवी असते, उंची, पाय कुठला, आधी काय खेळलाय. गेल्या महिन्यात नाशिकचा एक नवा मुलगा आला, पंच्याऐंशी किलोचा, क्रिकेटवाला, पिवळ्यावर पहिल्याच दुपारी उठला. मी फोनवर सांगितलं.

"मधली फिन काढलीस का?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मग त्याला वळता येणार नाही."

"त्याला अजून वळायचं नाहीये. दोर सुटलेला नाही त्याचा."

"क्रिकेटवाला आहे म्हणालीस ना? पाय चालत असतील. काढून बघ."

मी काढली नाही. पुढच्या शनिवारी त्यांची मुलगी त्यांना बोटीवर घेऊन येणार आहे. त्यांना वाटत असेल तर स्वतः पान्याने काढतील, आणि मग तो पोरगा पाण्यात पडला की त्याचं उत्तर त्यांनीच द्यायचं.